पाव तासाचा परदेश

आमच्या गावाचे नाव मुरूम. रस्त्यावर पसरतात तोच का, असे विचारण्याचा मोह वाचकांनी कृपा करून आवरावा. तो विनोद आमच्या कानांत आता पुरता मुरून गेला आहे. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून थोडे आत, धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात हे गाव वसले आहे. दक्षिणेकडे थोडे पुढे गेले की कर्नाटक लागतो आणि दुकानांच्या पाट्या एकाएकी मुक्या होतात. म्हणजे त्या बोलत असतात, आपल्याला वाचता येत नाहीत इतकेच. अशा गावात मराठी शिकवून पोट भरणाऱ्या एका प्राध्यापकाने 2024 च्या उन्हाळी सुट्टीत बायको, दोन मुले आणि सत्तरीला टेकलेली आई यांना घेऊन, कोणत्याही सहल कंपनीचे बोट न धरता, परदेशप्रवास केला. त्याची ही हकिकत आहे.

तसे पाहिले तर आमच्या घराण्यात परदेशप्रवासाची परंपरा जुनी आहे. माझे आजोबा वर्षातून दोनदा परदेशी जात. त्या परदेशाचे नाव सोलापूर. हसू नका. आजोबांच्या तरुणपणी मुरूम होते निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. वाटेत करोडगिरीचा नाका लागे. तिथे गाठोडे सोडून दाखवावे लागे. खिशातले नाणेसुद्धा बदलावे लागे. आमच्याकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार, हा हिशेब आजोबांना मरेपर्यंत तोंडपाठ होता. कागदावरचे सालही निराळे. इकडे फसली, तिकडे इसवी. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचे राज्य गेले, पुढे हाली सिक्काही बाद झाला आणि सोलापूर एका पिढीत परदेशातून परगावात आले. आजोबांना मात्र त्याची थोडी चुटपुट लागून राहिली असावी. "आता सोलापूरला जाण्यात काही राम राहिला नाही," असे ते म्हणत.

ही परंपरा पुढे चालवण्याची वेळ माझ्यावर आली ती चिरंजीवांमुळे. मुंबई-हैदराबादकडची विमाने रात्री आमच्या गावावरून लुकलुकत जातात. अकरा वर्षांचा हा मुलगा अंगणात बाजेवर पडून ती मोजत असतो. एके रात्री त्याने विचारले, "बाबा, आपण कधी परदेशात जाणार?" प्रश्न विमानाला उद्देशून असता तर बरे झाले असते. कन्येची दहावीची परीक्षा संपत आली होती. तिने लगेच पुस्ती जोडली, "अकरावी-बारावीत तर तुम्ही मला हलूही देणार नाही." हे खरे होते. बारा वर्षे मी तासिका तत्त्वावर काढली. त्या काळात सुट्टी म्हणजे बिनपगारी महिने. नोकरी कायम झाल्यावर सुट्टीला पगार आला, पण तोवर मुले मोठी झाली होती. आता गेलो नाही तर पुढे मुले जातील, आम्हाला वगळून जातील, आणि आम्ही त्यांची छायाचित्रे पाहत बसू, हे मला त्या बाजेवर स्पष्ट दिसले.

घरात एक लाख रुपये होते. ते स्लॅबसाठी साठवलेले होते, आणि इथे आईची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव उशिरा झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आमच्या घराची मागची भिंत गेली, माणसे वाचली. पण आईची धाकटी बहीण सास्तूरला दिलेली होती. तिथे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे भरगच्च माळवद. ते सारे झोपलेल्या माणसांवर आले. मावशी गेली. तेव्हापासून आईने डोक्यावर पत्र्याशिवाय दुसरे छप्पर येऊ दिलेले नाही. "पत्रा पडला तरी माणूस मरत न्हाई," हे तिचे स्थापत्यशास्त्र. उन्हाळ्यात घराची भट्टी होते, पावसाळ्यात बोललेले ऐकू येत नाही. तरी स्लॅबचे नाव काढले की ती जेवण सोडते. आणि रोज पहाटे चारच्या आत तिला जाग येते. घड्याळ लागत नाही.

असे ते एक लाख रुपये बँकेत स्वस्थ पडून होते. सौ. म्हणाली, "स्लॅब काही होत नाही. निदान पोरांना जग तरी दिसू द्या." आई म्हणाली, "मी इथंच बरी. मला कशाला नेतायलाव?" मी म्हणालो, "आई, तू नसलीस तर आम्ही कुणीच जात नाही." ही धमकी लागू पडली. मात्र तिने एक अट घातली : रात्री मुक्काम तळमजल्यावरच हवा.

आता देश निवडायचा. सहल कंपनीचे रंगीत माहितीपत्रक मी आणून पाहिले. सिंगापूर, दुबई, बँकॉक. सगळीकडे दर माणशी, आणि आम्ही माणसे पाच! शिवाय पाच पारपत्रांचा खर्च आणि खेटे. शेवटी मी भिंतीवरचा नकाशा घेतला आणि मुरूमपासून रेल्वेने व एसटीने जाता येईल असा परदेश शोधू लागलो. बोट नेपाळवर थांबले. भारत आणि नेपाळ यांच्यात 1950 साली मैत्रीचा तह झालेला आहे. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, आणि प्रौढाजवळ पारपत्र नसले तरी मतदार ओळखपत्र पुरते.

ही बातमी फुटताच शेजारच्या निवृत्त गुरुजींनी अंगणात येऊन निर्णय दिला. "सर, ज्याला पासपोर्ट लागत नाही तो परदेश कसला? तुमची ही यात्रा फार तर काशी अधिक थोडे पुढे!" चिरंजीवांचा चेहरा पडला. मी गुरुजींना आजोबांच्या सोलापूरची आठवण करून दिली, पण ती त्यांना पटली नाही.

ज्यांना असाच बेत करायचा आहे त्यांच्यासाठी तपशील सांगतो. पहिली गोष्ट कागदांची. आम्हा दोघांची मतदार ओळखपत्रे होती. पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि पासष्टीपुढच्या माणसाला आधारपत्र चालते. खरी पंचाईत सोळा वर्षांच्या कन्येची. पंधरा ते अठरा या वयाला शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला ओळखीचा दाखला लागतो. शाळेतल्या बाबूंनी बोनाफाइड, सोडल्याचा, चारित्र्याचा असे सर्व दाखले आयुष्यभर दिले होते. पण परदेशी जाण्याचा दाखला मागणारी ही पहिलीच विद्यार्थिनी. त्यांनी तो इतक्या हौसेने टंकून दिला की शिक्का दोनदा मारला. कुटुंब एकत्र आहे हे दाखवण्यासाठी शिधापत्रिकाही बरोबर घेतली. रॉकेल मिळेनासे झाल्यापासून त्या कागदाला एवढा मान मिळालेला नव्हता.

दुसरी गोष्ट पैशाची. मी पंच्याऐंशी हजारांची मर्यादा घातली आणि तिचे पाच कप्पे केले : गाडीभाडे, मुक्काम, जेवण, तिकडचा प्रवास आणि 'देव जाणे'. हा शेवटचा कप्पा दहा हजारांचा. घरच्या पहिल्या सहलीत तो असलाच पाहिजे, कारण देवाला नेहमीच काहीतरी ठाऊक असते. त्या वेळी शंभरावरची भारतीय नोट नेपाळमध्ये चालत नव्हती. म्हणून मी बँकेतून शंभराच्या नोटांची बंडले आणली, आणि सौ.ने ती आईच्या लुगड्यांच्या घड्यांत, डब्यात आणि पोटाशी बांधायच्या पिशवीत अशी वाटून ठेवली. हे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. मार्च 2024 पासून आपल्याकडचे यूपीआय तिकडच्या दुकानांत चालू लागले आहे, असे कन्येने सांगितले. आईचा विश्वास मात्र लुगड्यावरच होता.

तिसरी गोष्ट वेगाची. माहितीपत्रकातली माणसे सकाळी एका गावी आणि रात्री दुसऱ्या गावी असतात. मुले आणि म्हातारे बरोबर असताना हे करू नये. आम्ही तीनच मुक्काम धरले : लुंबिनी, पोखरा, भक्तपूर. डोंगरातला प्रवास दिवसाउजेडीच करायचा, आणि प्रत्येक मुक्कामी एक दिवस पूर्ण रिकामा ठेवायचा. पुढे अनुभव आला तो असा की मुलांना जे आठवते ते बहुधा त्या रिकाम्या दिवशीच घडलेले असते.

मेच्या मध्याला आम्ही निघालो. एसटीत आई, सौ. आणि कन्या यांना बायकांचे अर्धे तिकीट, चिरंजीवांना मुलांचे अर्धे. पाचांत पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा! परदेशप्रवासाचा आरंभ इतक्या काटकसरीने क्वचितच कुणाचा झाला असेल. सोलापूरला उतरल्यावर मी मुलांना म्हणालो, "पणजोबांचा परदेश आला." चिरंजीवांनी स्थानकाबाहेर नजर टाकली आणि म्हणाले, "इथे तर आपण चड्डी घ्यायला येतो."

पुण्याहून गोरखपूरची गाडी. दीड दिवसाचा प्रवास. भुसावळ, झाशी, कानपूर, लखनौ. बाहेर उत्तरेतला मे महिना पेटलेला. म्हणून वातानुकूलित डब्याची चैन केली होती, आणि ती चैन नव्हे, औषध होते. गोरखपूर हे गोरक्षनाथांचे गाव. ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेतले हे नाव मी वर्गात दरवर्षी घेतो : मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. फलाटावर ते पिवळ्या पाटीवर लिहिलेले पाहून मी हात जोडले. सौ. म्हणाली, "आधी सामान मोजा." नऊ डाग होते, मोजले, आठ भरले. नववा चिरंजीवांच्या पाठीवर होता.

गोरखपूरहून बसने तीन तासांत सुनौली. सीमा म्हणजे काहीतरी भव्य असणार, तारा, तोफा, निदान एखादी नदी, अशी मुलांची कल्पना. प्रत्यक्षात ती होती बाजारातून जाणारी एक सडक. सायकली, हातगाड्या, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, मालमोटारींची न संपणारी रांग. आणि मधे एक कमान. आमचे कागद एका शिपायाने पाहिले, शिधापत्रिका उलटसुलट केली, शाळेच्या दाखल्यावरचे दोन शिक्के पाहून तो किंचित हसला आणि हाताने 'जा' म्हणाला. चिरंजीव कमानीखाली थांबले, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. "आता आला का परदेश?" त्यांनी विचारले.

"घड्याळ काढ," मी म्हणालो. "पंधरा मिनिटे पुढे कर."

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे आहे. 1986 पासून त्या देशाने आपली वेळ अशी वेगळी ठेवली आहे. अर्धा तास नाही, तास नाही, फक्त पाव तास. मला त्यात मोठी मौज वाटली. धाकट्या भावाने वेगळे बिऱ्हाड करावे, पण भिंत सामाईक ठेवावी, तसे ते वाटले. आईने मात्र आपले घड्याळ बदलू दिले नाही. "माझं राहू दे तसंच."

पुढे सराफासारख्या बसलेल्या माणसाकडे शंभराच्या नोटा दिल्या. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी. हा दर 1993 पासून बांधलेला आहे. मला सात हालींना सहा कलदार आठवले. आजोबा असते तर त्यांनी तिथेच मांडी घालून हिशेब केला असता. वर्तमानपत्रावर साल पाहिले तर 2081! तिथे विक्रम संवत चालतो. "बाबा, आपण सत्तावन्न वर्षे पुढे आलो," कन्या म्हणाली. फसली सन, वेगळे नाणे, नाका. सोलापूरला जाण्यातला गेलेला राम मला सुनौलीच्या पलीकडे सापडला.

आणि मग आमच्या चिरंजीवांना एक शोध लागला. ते बसच्या खिडकीतून ओरडले, "बाबा, मला सगळं वाचता येतंय!" खरेच होते ते. नेपाळी भाषेची लिपी देवनागरी. विद्यालय, कार्यालय, औषधि पसल. पसल म्हणजे दुकान हे पाचव्या पाटीला कळले. चिया म्हणजे चहा हे कुणी सांगावे लागले नाही. 'कति' म्हणजे किती, हे तर सौ.ने पहिल्याच भाजीवालीकडे कमावले आणि नंतर सर्वत्र सढळ हाताने वापरले. आमच्या घरापासून तासाभरावरची पाटी आम्हाला वाचता येत नाही, आणि दीड हजार किलोमीटरांहून दूरच्या परक्या देशातली घडाघडा वाचता येते. मग परके कोण? वर्गात मी भाषेवर पुष्कळ बोलतो. पण हा प्रश्न मला खिडकीतल्या त्या आरोळीने घातला.

लुंबिनीला अशोकाचा स्तंभ पाहिला. बुद्ध इथे जन्मले म्हणून अशोकाने या गावाचा कर कमी करून आठवा हिस्सा ठेवला, असे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे. करमाफीची वार्ता दगडावर कोरून ठेवणारा राजा आमच्या भागातल्या शेतकऱ्याला नक्कीच आवडला असता. दुसऱ्या दिवशी बुटवल, पाल्पा असे करत सिद्धार्थ राजमार्गाने पोखऱ्याला गेलो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी; वळणे मोजायला लागलेल्या चिरंजीवांना चाळिसाव्या वळणाला उलटी झाली आणि मोजणी बंद पडली. 'देव जाणे' या कप्प्यातला पहिला खर्च तिथे झाला : लिंबे, गोळ्या आणि नवा सदरा.

पोखऱ्याचे फेवा सरोवर सुंदर आहे, पण मे महिन्यात हवेत धुरकट पडदा असतो. हिमालय पाहायला आलेले आम्ही दोन दिवस राखाडी आकाश पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी पहाटे आई आमच्या दाराशी आली. "उठा रे. ते बघा काय पांढरं दिसायलंय." आम्ही तसेच बाहेर धावलो. माछापुच्छ्रे! माशाच्या शेपटासारखे दुभंगलेले शिखर, 6993 मीटर उंच, उन्हाने पेटत होते. दहा मिनिटांत ढग आले आणि ते मिटले. त्या दिवशी उशिरा उठलेल्या सगळ्या पाहुण्यांना आम्ही ते वर्णन करून सांगितले आणि त्यांच्या हळहळीचा आनंद घेतला. चिरंजीव आजीला म्हणाले, "आजी, तू इतक्या लवकर कशी उठलीस?" ती काही बोलली नाही. तिच्या मनगटावर भारतातली वेळ होती. कोणत्या मिनिटाला तिला जाग आली असेल ते मी विचारले नाही.

पोखऱ्याहून काठमांडू हा प्रवास रस्त्याच्या कामामुळे दिवसभर चालला. काठमांडूत न थांबता तेरा किलोमीटरांवरच्या भक्तपूरला मुक्काम केला. तिथून पशुपतिनाथाला गेलो. तिथले मुख्य पुजारी दक्षिणेतून, विशेषतः कर्नाटकातून आणण्याची जुनी चाल आहे. आईचे माहेर आळंदकडचे. कानडी ही तिची बालपणीची भाषा. गर्दीत रेटत दारापाशी पोचल्यावर तिने कानडीत दोन शब्द म्हटले. आतल्या पुजाऱ्यांनी चटकन वर पाहिले. "याव ऊरु?" कोणते गाव? आईने सांगितले, मुरूम. ते त्यांना कळले नाही. मग म्हणाली, आळंद. त्यांनी मान डोलावली आणि प्रसादाचे फूल तिच्या हातावर ठेवले. एवढेच. पण बाहेर आल्यावर आई मुलांना म्हणाली, "एवढ्या लांब आले आन् माहेरचं माणूस भेटलं." मुलांना कानडी येत नाही. त्या दिवशी प्रथमच कन्येने आजीला विचारले, "मला शिकवशील?"

भक्तपूर हे विटांचे आणि कोरीव लाकडाचे जुने नेवार शहर. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात 7.8 परिमाणाचा भूकंप झाला, जवळपास नऊ हजार माणसे गेली. भक्तपूरची घरे आणि देवळे रस्त्यांवर आली. हे मला माहीत होते. आईला सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर तिथे मुक्काम ठेवताना स्वस्ताईचाच विचार केला होता, आणि पोचल्यावर माझे मलाच अपराधी वाटू लागले. ज्या बाईला घेऊन आलो, तिला नेमके याच गावी आणायचे? बांबूचे टेकू दिलेली एक भिंत गल्लीत होती. तिच्यापुढे आई थांबली. बराच वेळ पाहत राहिली. "इथं पण?" तिने विचारले. मी हो म्हणालो.

दुसरा दिवस रिकामा होता. मुले चौकातल्या न्यातपोल देवळाच्या पायऱ्या चढत-उतरत होती. हे पाच मजली देऊळ 1702 सालचे. 1934 चा आणि 2015 चा, दोन्ही भूकंपांत ते उभे राहिले. मी परत आलो तर आई समोरच्या ओट्यावर एका नेवार म्हातारीशेजारी बसून लसूण सोलत होती. आईचे हिंदी म्हणजे निजामाच्या राज्यातले शेवटचे अवशेष. म्हातारीचे हिंदी चित्रपटांतले. दोघींचे उत्तम चालले होते.

"हमारे उधर रात कू हुआ," आई सांगत होती. "सब सोये हुए थे."

"हमारा दिन में," म्हातारी म्हणाली. "शनिवार. स्कूल बंद."

नेपाळात शनिवार हा सुट्टीचा दिवस. दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना धरणी हलली. माणसे बाहेर होती, शेतात होती, आणि शाळा रिकाम्या होत्या. शाळांच्या इमारती हजारोंनी पडल्या, पण वर्गांत मुले नव्हती. पहाटेचे चारला चार कमी आणि दुपारचे बाराला चार कमी. मिनिटे तीच. आठ तासांचा फरक. मावशी त्या आठ तासांत गेली, असे मला तिथे उभ्याउभ्या वाटले.

म्हातारीचे घर पडले होते. त्यानंतर चार वर्षे ती 'जस्तापाता'खाली राहिली. आईने तो शब्द लगेच उचलला, जस्ताचा पत्रा. "मैं अब्बी भी पत्रे मेंच रहती," आई अभिमानाने म्हणाली. म्हातारीने किती वर्षे झाली ते विचारले. आईने सांगितले, तीस. म्हातारीच्या हातातला लसूण थांबला. मग ती हसायला लागली, दात नसलेल्या तोंडाने, मोकळे. "तीस साल? गर्मी नहीं होती?"

यावर आईला उत्तर सुचले नाही. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडले.

मग म्हातारीने तिला हाताला धरून आपल्या नव्या घरात नेले. सरकारने घर बांधायला घरटी तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले होते, बाकीचे तिच्या मुलांनी घातले. तिने भिंतीवरून हात फिरवत आडवा पट्टा कुठून कुठे जातो ते दाखवले : जोत्यावर, दाराच्या माथ्यावर, छपराखाली. हे आमच्याकडेही भूकंपानंतर इंजिनियर सांगत होतेच. पुनर्वसनाची घरे तशीच बांधली. मी आईला ते पुस्तकात दाखवले होते, चित्र काढून दाखवले होते. पण मी प्राध्यापक. ही बाई ढिगाऱ्यातून निघालेली. तिच्या हाताखालची भिंत आईने चाचपून पाहिली, आणि जिन्याने वरच्या मजल्यावर गेली. मी खाली उभा राहून तिची पावले मोजत होतो. बऱ्याच वेळाने खिडकीतून आवाज आला, "अरे, इथून देऊळ लई छान दिसतंय!"

निघताना दोघींनी एकमेकींना काय दिले ते सांगतो. आईने आपली घडीची कोरी चोळी दिली. म्हातारीने मातीच्या भांड्यात 'जुजु धौ', म्हणजे तिथले प्रसिद्ध दही. ते आम्ही सीमेपर्यंतही टिकू दिले नाही.

परतीचा प्रवास नेहमीसारखाच लांब आणि घामाचा. सुनौलीच्या कमानीखाली चिरंजीवांनी पंधरा मिनिटे मागे केली. "गेली ना रे तुझी पंधरा मिनिटं?" मी म्हणालो. "गेली कुठे? जाताना उधार घेतली होती," ते म्हणाले. मुलगा पणजोबांवर गेला आहे.

घरी येऊन हिशेब मांडला. एक्याण्णव हजार चारशे. सहा हजार चारशे जास्त. बहुतेक सारे जेवणात, कारण डोंगराच्या हवेत मुलांची भूक अंदाजपत्रक जुमानत नाही. बँकेत उरले आठ हजार सहाशे. मी वही मिटत होतो, तोच आई पत्र्याखाली पदराने वारा घेत म्हणाली, "किती गरम होतंय रे! टाक की तो स्लॅब एकदाचा. पण पट्टे घालून."

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहिले. तीस वर्षे पैसे होते-नव्हते, पण आईची संमती नव्हती. आता संमती आली आणि पैसे पशुपतिनाथ, पोखरा आणि लिंबांच्या खात्यावर जमा झालेले. आम्ही सगळेच हसलो. आईला कारण कळले तेव्हा तीही. पहाटे चारच्या आत तिला अजून जाग येतेच. ते कोणत्याही देशात जाऊन बदलण्यासारखे नाही. पण आता ती उठून कन्येला कानडी शिकवायला बसते.

शेजारच्या गुरुजींनी पुन्हा विचारलेच, "काय सर, शेवटी परदेश होता की नव्हता?" मी म्हणालो, "गुरुजी, पाव तासाचा होता." त्यांना हा विनोद वाटला. परदेश किती लांब आहे हे तिकिटावरून ठरते, असे मलाही पूर्वी वाटे. आता वाटते, घरात तीस वर्षे बोलून जे आईला पटले नाही ते परक्या ओट्यावर लसूण सोलताना पटले. एवढे घडवून आणणारा मुलूख मुरूमपासून पाव तास लांब असला तरी तो परदेशच.

स्लॅबसाठी नव्याने बचत सुरू आहे. चिरंजीवांनी अट घातली आहे, वर जायला जिना हवा. विमान तेवढे राहून गेले आहे; ते स्लॅबवरून अंमळ जवळ दिसेल, असा त्यांचा हिशेब आहे.